दोन सूत: लेकीच्या इंटर्नशिपपायी चंदीगडला

लेकीचा फोन आला. "आई, मी परत येतेय. तिकीट काढा." का, तर म्हणे इथं काही शिकवत नाहीत. प्रतीक्षाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सहा महिने कारखान्यात इंटर्नशिप केल्याशिवाय डिग्री नाही, आणि झालेले दोनच. अर्ध्यात सोडलं की वर्ष गेलं. नवरा म्हणाला, "येऊ दे, पोर रडतीय." मी म्हटलं, कोण रडवतंय ते बघून येते. मी सातवी शिकलेली, एकटीनं पुण्यापुढं कधी गेले नव्हते. ज्यांची पोरं अशी लांब जाणार असतील त्यांनी हे वाचा, पुढं कामाला येईल.

साताऱ्याहून दिल्लीला रेल्वेनं दीड दिवस लागतो. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत येतं, पण महिनाभर आधी काढा, मला वेटिंगवरून शेवटच्या क्षणी जागा मिळाली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. दिल्लीत कश्मीरी गेटला चंदीगडच्या बसा उभ्याच असतात, पाच-सहा तास धरा. वाटेत बस ढाब्यावर थांबते. एक पराठा पुरे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा असतो, दुसरा मागवू नका.

झिरकपूरला बस अडकली. चहूकडं उंच बिल्डिंगा आणि खाली नुसत्या गाड्या. शेजारचे सरदारजी म्हणाले, "बस भैनजी, समझो आ गया चंडीगढ़." अर्धा तास झाला तरी तेच. मी म्हटलं, "आ गया तो उतरके चलूँ क्या?" ते हसले, पण बस काही हलली नाही. उजेडी पोचायचं असेल तर दिल्लीहून सकाळचीच बस धरा.

प्रतीक्षा मनीमाजऱ्यात एका घरात खोली घेऊन राहते. जुनं गाव आहे, बोळ अरुंद, बाजार दारात, भाडं शहराच्या मानानं कमी. घरमालकीण मला बघून म्हणाली, माँ जितने दिन चाहे रहे. बाई चांगली. पण माझी पोरगी बारीक झालेली. राजमा-चावल पुढं ठेवून भात चिवडत बसली.

"कोण त्रास देतंय?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग शिकवत का नाहीत?"

"आई, तुला नाही कळणार."

हे वाक्य मी तिच्या दहावीपासून ऐकतेय. म्हटलं, उद्या गेटापर्यंत येते.

सकाळी शेअर रिक्षानं इंडस्ट्रियल एरियात गेलो. बाकी चंदीगडचे रस्ते सरळ, झाडीचे, सगळे चौक गोल आणि सारखेच दिसतात. इथं मात्र आमच्या एमआयडीसीसारखंच, लोखंडाचा वास आणि खड्डे. ती आत गेली. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. फेब्रुवारीत सकाळची थंडी हाडात जाते, स्वेटर न्याच.

दहाला कामगार चहाला आले. त्यात एक म्हातारे सरदारजी, दाढी पांढरी, हात ग्रीसनं काळे. दोन तरुण गडी त्यांना चिडवत होते. "उस्तादजी, आज चाय कितने सूत की?" दुसरा टपरीवाल्याला म्हणाला, "देखना, नापके देना, वरना चालीस गिलास फेंकने पड़ेंगे." म्हातारबुवा फुंकर मारत चहा पीत राहिले.

मला राहवलं नाही. गड्याला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, उस्तादजींनी चाळीस लोखंडी प्लेटांना भोकं चुकीच्या जागी पाडली, सगळा माल भंगारात गेला. तीस वर्षं ड्रिलवर होते, आता पॅकिंगला बसवलंय. "उमर हो गई इनकी."

ते उस्ताद, बलबीरसिंग, मला म्हणाले, "आप किसकी माँ हो?" मी प्रतीक्षाचं नाव सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "होशियार बच्ची है. बस पूछती नहीं."

"सूत का क्या किस्सा है?" मी विचारलं. आमचं साताऱ्याबाहेर ग्रिल आणि शटरचं वर्कशॉप आहे. वीस वर्षं मी खडूनं खुणा करतेय. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, तीन एमएमच्या थोडं वर, हे मला झोपेत विचारा.

ते म्हणाले, "मैंने कहा था, छेद दो सूत अंदर लेना. निशान उसने लगाए, ड्रिल मैंने चलाई. देखना मुझे भी चाहिए था." आणि मग म्हणाले, "उसने बताया था पापा की वर्कशॉप है. मैंने सोचा, सूत तो जानती होगी."

माझा चहा तसाच राहिला. कारण तिला ते ठाऊक नसणारच होतं. ती वर्कशॉपच्या दारात आली की मीच हाकलायचे, जा, अभ्यास कर, इकडं फिरकू नको. सूत हा शब्द पुस्तकात नाही आणि पुस्तकाबाहेर मी तिला येऊ दिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. मी विचारलं, "सूत म्हणजे किती?"

तिचा चेहरा उतरला. "आता माहीत आहे."

"तेव्हा किती धरलंस?"

"दोन एमएम. मला वाटलं, सूत म्हणजे दोऱ्याएवढं, एमएमलाच म्हणत असतील. सगळ्यांपुढं विचारायची लाज वाटली."

"आणि साहेबांनी विचारल्यावर काय सांगितलंस?"

"म्हटलं, उस्तादजींनी दोन सांगितले होते."

दोन. सूत गिळून टाकलं. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्यानंच दोन एमएम असं चुकीचं माप दिलं. आणि तो माणूस गप्प राहिला. खरं बाहेर आल्यावर गड्यानं मला सांगितलं, उस्तादजी म्हणाले, बोललो असतो तर पोरीचा रिपोर्ट खराब झाला असता. शिकवत नाहीत वगैरे सगळं खोटं. तिला त्यांच्यापुढं उभं राहवत नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊन सांग."

"रिपोर्टमध्ये लिहितील, आई. नोकरी नाही मिळणार."

"लिहू देत. सांगून झालं की मग यायचं तर ये, मी घेऊन जाते. न सांगता आलीस तर घरी तुझ्याशी मी काय बोलू?"

ती रडली. मी समजूत घातली नाही, जमतही नाही. ती एकटी आत गेली. लोक चंदीगडला तळं आणि बागा बघायला जातात. मी ती दुपार त्या टपरीच्या बाकड्यावर काढली, आणि मधे एकदा वाटलं, आपण पोरीचं वर्ष घालवलं.

साडेपाचला बाहेर आली. साहेब ओरडले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. चूक तिची, असं लिहून घेतलं, रिपोर्टात जाणार. उस्तादजी सोमवारपासून परत ड्रिलवर. आणि हिला त्यांच्याच हाताखाली.

"उस्तादजी काय म्हणाले?"

"म्हणाले, बीस दिन लगे तुझे? आणि तोंड फिरवलं."

बरोबर केलं त्यांनी. तिनं पुन्हा तिकिटाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटीच बसमध्ये बसले.

आता तीन आठवडे झालेत. उस्तादजी कामापुरतंच बोलतात. माप सांगितलं की तिच्याकडून परत म्हणवून घेतात, आधी सूत, मग एमएम, सगळ्यांच्या देखत. ते तरुण गडी हसतात. ती म्हणते, हसू देत, आता मी सगळंच विचारते. सर्टिफिकेटवर तो शेरा राहणार आणि त्यावरून एखादी नोकरी जाईलही. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण कॉलेजनं चार वर्षांत जे शिकवलं नाही, मीही शिकवलं नाही, ते तिथं एका परक्या माणसाचं नुकसान करून ती शिकली. ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांनी त्यांना एवढंच सांगून पाठवा, कळलं नाही तर तिथल्या तिथं विचार. आमच्यासारखं उशिरा सांगू नका.

धाकटी नववीत आहे. गेल्या रविवारी तिला वर्कशॉपात नेऊन हातात पट्टी आणि खडू दिला. नवरा म्हणाला, "अगं, हात काळे होतील तिचे."

म्हटलं, साबण आहे घरात.