वाळवीला घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घरात वाळवीने आधी बाबांची पत्रकं खाल्ली आणि मग ती वाशांकडे वळली. बाबा गेल्यावर आईने त्यांच्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर रचून ठेवले होते. बुवाबाजीविरुद्ध, गुत्त्यांविरुद्ध, वाळूउपशाविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. यंदा मे महिन्यात कौलं परतायच्या आधी माळा झाडायला चढले, एक गठ्ठा उचलला, तर हातात सुतळी आणि माती. वरचा वासा बोटाने दाबला, बोट आत गेलं.

शेजारच्या काकी अंगणातूनच म्हणाल्या, "तिणा तुझ्या बापाशीची पत्रकां वाचल्यान. पटली नाय म्हणान खाल्ल्यान!"

"निदान वाचली तरी," मी म्हटलं. "तुम्ही चुलीत घालायचात."

भावाने मुंबईहून फोनवर निकाल दिला. पावसात ते छप्पर राहणार नाही, घर बंद करू, आईला मी घेऊन येतो. आई 'बरां' म्हणाली, फोन ठेवला आणि विहिरीवर जाऊन गरज नसताना पाणी शेंदत बसली. तेव्हाच मी ठरवलं, हे घर बंद होणार नाही.

वाळवी उघड्यावर चालत नाही. ती मातीचा बोगदा बांधत येते, त्यामुळे ती कुठून आली ते लपत नाही. ती रेघ धरून मी माळ्यावरून भिंतीवर आले, भिंतीवरून घराच्या मागे. तिथे काकींची जळाऊ लाकडं. त्यांची स्वतःची पडवी गळते, म्हणून कित्येक वर्षं त्या आमच्या भिंतीला टेकवून लाकडं रचतात. रेघ थेट त्या ढिगात शिरत होती. ढिगामागे, भिंतीला चिकटून, गुडघाभर वारूळ. वारुळावर हळदकुंकू आणि ताजी जास्वंद.

आमच्याकडे वारूळ म्हणजे देवी. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्ती नसतेच, वारूळ असतं, त्यालाच साडी नेसवतात. घराशी वारूळ उठलं तर लोक भितात आणि सुखावतातही.

"काकी, लाकडं हलवा. त्यांच्यातून वाळवी आमच्या घरात येते."

"लाकडां हलवलंय तर देवीक धक्को लागात. आणि तू कुदळ लावशीत तर बघ!"

मी बोलायला सुरुवात केली, आणि मी सुरू झाले की थांबत नाही. वारूळ कोण बांधतं, काय खातं, वासे कसे पोकळ होतात, सगळं सांगितलं. काकी पदराने वारा घेत ऐकत राहिल्या. आईने मध्येच मला गप्प केलं.

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय हात लावूचो नाय," ती म्हणाली. "घातल्यावर काय ता कर."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेली मागणी. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घरातला मोठा पुरुष ते घालतो. बाबांनी जन्मात घातलं नाही, भाऊ मुंबईत. मी म्हटलं, मी घालते.

"बायलमाणूस गाऱ्हाणा घालता?" काकी हसल्या.

"घालू दी," आई म्हणाली. "आवाज बापाशीचो आसा तिचो."

माझी अट एकच होती. न पटणारा एकही शब्द तोंडातून काढणार नाही. नवस नाही, कोंबडा नाही, क्षमा नाही. आणि वारुळापुढे उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की अडचण कसलीच नाही. मागण्या, साक्षीला माणसं, उत्तरादाखल घोषणा. बाबांच्या पत्रकाचाच हा घाट, फक्त छापायचा नाही.

संध्याकाळी वाडीतली माणसं जमली. मी आवाज चढवला.

"आये माउली, ह्या घरच्या लेकीन तुका गाऱ्हाणा घातलेला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका रानभर जागा आसा, माझ्या आवशीक हीच एक आसा!"

"व्हय म्हाराजा!" आईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"पालोपाचोळो खा, त्येची माती कर. वासे तुझे न्हय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्येणी तुका लाकडां घालून ह्या भिंतीर चढवल्यान, तेका बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" काकी सगळ्यांत जोरात म्हणाल्या. सवयच तशी, गाऱ्हाण्यात कान ऐकायच्या आधी तोंड उघडतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाडी हसली. काकींनी मला अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येत नाही. पण देवीसमोर व्हय म्हटलेलं मागे घेता येत नाही.

सकाळी त्यांनी सगळी लाकडं नेली. आपल्या अंगणात चिऱ्यांवर उंच रचली, भिंतीपासून हातभर लांब. आम्ही वारूळ मुळापर्यंत खणून टोपल्यांनी राईत नेऊन ठेवलं. वरची जास्वंदीची टोपली आईने कुणाला दिली नाही, स्वतः नेली. ती तिची देवी. पोकळ वासा बदलला. बाकीच्या वाशांना मी काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं. त्याने माझी कोपरापर्यंत कातडी सोलली, पण ते लाकूड वाळवी तोंडात धरत नाही.

कौलं परतून झाल्यावर भावाचा फोन आला. आई भात वाढता वाढता म्हणाली, "मी येवचंय नाय. तूच ये गणपतीक." आणि फोन माझ्या हातात देऊन भाताचं भांडं उचललं.