काठीची पिलावळ

लॅटिन कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे चिमटे म्हणत. चिठ्ठीला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची, हा त्यांचा स्वतःचा दंडक. एकतीस वर्षांत आपल्या हातून एकही चिठ्ठी गहाळ झाली नाही, हे ते नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात ऐकवत.

जुन्या पुस्तकांत एखादा शब्द जिथे जिथे आला, ते प्रत्येक वाक्य एकेका चिठ्ठीवर उतरवलेलं असे. चिमटे त्या चिठ्ठ्या आणून द्यायचे, मोजायचे, गठ्ठे बांधायचे. कोणता अर्थ कुठून फुटला हे विद्वान ठरवायचे. शब्दाची शेवटची चिठ्ठी जो जागेवर बसवेल त्याची गठ्ठ्यावर सही, अशी तिथली रीत होती. चिमट्यांची सही एकाही गठ्ठ्यावर नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा संपादकबाईंनी त्यांना एक अख्खा शब्द दिला, 'रादिउस', चौसष्ट चिठ्ठ्यांचा.

"तुम्हीच लावा. सही तुमची," बाई म्हणाल्या.

स्वारी हरखली. घरी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचं झाड पसरलं. बुंध्याशी मूळ अर्थ, काठी. मग मोजायची काठी. चाकाचा आरा, आणि आऱ्याच्या शेजारी वर्तुळाची त्रिज्या. सूर्यापासून निघणारा किरण. विणकराचा आडवा दोरा नेणारा धोटा, मनगटाकडचं हाड, कोंबड्याच्या पायाचा काटा.

"एका काठीची केवढी ही पिलावळ!" ते बायकोला म्हणाले.

"त्या पिलावळीला जरा सरकायला सांगा, ताटं ठेवायचीत," बायको म्हणाली. ती विणकरीण. बाहेरच्या खोलीत तिचा माग होता.

एक चिठ्ठी मात्र काही केल्या बसेना. ऑलिव्हची एक जात, तिलाही हेच नाव. फळाचा काठीशी काय संबंध? आठ दिवस चिमट्यांनी डोकं खाजवलं. नवव्या दिवशी ती चिठ्ठी खिशात टाकली, त्रेसष्ट आकडा घालून गठ्ठा बांधला, झोकात सही केली आणि बाईंच्या टेबलावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धुवायला सदरा घेताना बायकोच्या हाती चिठ्ठी लागली.

"हे काय?"

"काही नाही."

"तुमच्या खिशात चिठ्ठी, आणि काही नाही?"

त्यांनी सांगून टाकलं. लांबट ऑलिव्ह आहे, काठीत बसत नाही म्हणून लपवलं.

बायको उठली. मागावरचा धोटा आणून तिने टेबलावर ठेवला. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर.

"काठीत कशाला कोंबताय? हा बघा की. ज्यानं त्या फळाला नाव ठेवलं, त्याच्या घरी माग असेल."

तीस वर्षं त्या धोट्याची खटखट चिमट्यांच्या कानावर पडत होती. धोटा कसा दिसतो ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली.

सकाळी त्यांनी बाईंपुढे चौसष्टावी चिठ्ठी ठेवली. "ही धोट्याखाली जाते."

"होती कुठे?"

"माझ्या खिशात. मीच ठेवली होती."

खोलीतल्या माना वर झाल्या. बाईंनी गठ्ठा सोडला, चिठ्ठी धोट्याखाली लावून पाहिली.

"बरोबर आहे. कसं सुचलं तुम्हाला?"

आता नुसतं 'सुचलं' म्हटलं असतं तरी सही राहिली असती. पहिलं खरं बोलणं सोपं गेलं होतं. हे जिभेवर अडलं.

"मला नाही सुचलं," ते म्हणाले. "आमच्या हिला सुचलं."

बाईंनी त्यांच्या सहीवर एक रेघ मारली आणि गठ्ठ्याचा वरचा कागद त्यांच्या हाती दिला. "मग त्यांची सही आणा."

संध्याकाळी बायकोला आधी थट्टाच वाटली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"रीत आहे," चिमटे म्हणाले.

तिने हात पुसले, पेन घेतलं. "कुठे करू?"

त्यांनी खोडलेल्या नावाखाली बोट ठेवलं. आतून फार वाईट वाटत होतं. तिचं अक्षर हलू नये म्हणून त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.