पाठीवर पडून पाहिलेल्या गाड्या

भोसरीहून सकाळी निघालो तेव्हा माझ्याबरोबर एक टॉर्च होती, एक जुनी चादर होती आणि पोपटकाका होते. लांबच्या प्रवासासाठी स्वस्त, भरवशाची जुनी गाडी कशी निवडावी हे सांगणारे व्हिडिओ मी आठवडाभर पाहिले होते. त्यातली सगळी मंडळी हसतमुख. त्यांना डोंगर बघायला जायचं असतं. आम्हाला एक माणूस आडवा न्यायचा होता.

त्या माणसाचं नाव उद्धव. गाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगावच्या पुढे. चाकणच्या एका कारखान्यात ते कंत्राटदाराकडून कामाला होते. फोर्कलिफ्टवरून लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा घसरला, कमरेवर आला आणि कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. कारखाना म्हणाला, हा माणूस आमचा नाही, कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, असा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच. ओळखपत्र दिलेलं नव्हतं, पगार हातात मिळायचा. तेव्हा नाही म्हणायला काय जातं? आमची कंत्राटी कामगारांची छोटी समिती आहे. मी तिथं पत्रकं लिहिते आणि गेटवर वाटते. समितीनं पुण्यात दावा लावला. वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना तारखेला समोर आणा. तोंडावर 'ओळखत नाही' म्हणायला जड जातं." पण तारखा किती पडतील कुणी सांगावं? दर वेळी हिंगोलीहून रुग्णवाहिका आणणं वर्गणीच्या पैशात बसत नव्हतं. म्हणून गाडी.

उद्धवभाऊ आणि मी एकाच उंचीचे. त्यामुळे असं ठरलं की प्रत्येक गाडीत मागे चादर टाकून मी पाठीवर पडायचं आणि काकांनी ती खड्ड्यांतून फिरवायची. माझी पाठ शाबूत आहे, त्यांची नाही, हे मला कळत होतं. पण दुसरं माप आमच्याकडे नव्हतं.

पोपटकाका मूळचे मोशीचे. जमीन कारखान्यांत गेली आणि त्याच कारखान्यांच्या बसवर त्यांनी उभा जन्म स्टिअरिंग धरलं. त्यांचा पहिला नियम : बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते रडतं. दुसरा नियम : मीटरकडं बघायचं नाही, क्लचच्या पेडलवरच्या रबराकडं बघायचं. "मीटर मागं फिरवत्यात गं पोरी. रबर कोण मागं फिरवणार?"

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडसमोर पहिली गाडी होती. मालवाहू टेंपो, मागे बंद हौदा. आत शिरले तर अंधार आणि कटिंग ऑइलचा वास. काकांनी पहिल्याच खड्ड्यात घातली आणि माझं डोकं पत्र्यावर आपटलं.

"माल न्यायला एक नंबर आहे," मालक म्हणाला. "काय भरणार?"

"माणूस," मी म्हटलं.

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "मग राहू द्या ताई. हिचे पाटे (मागच्या लोखंडी स्प्रिंगा) वजनासाठी बनवलेत. माणूस मोडंल."

एवढा खरं बोलणारा माणूस दिवसभरात परत भेटायला संध्याकाळ झाली.

पिंपरी कॅम्पात बाजाराच्या मागच्या बोळात एक शाळेची व्हॅन उभी होती. बाहेर कार्टूनची चित्रं, आत सुकलेल्या चॉकलेटचे डाग. मी आडवी झाले. गुडघे दुमडावे लागले. उद्धवभाऊंचे पाय त्यांचे त्यांना दुमडता येत नाहीत, कुणीतरी दुमडून ठेवावे लागतात. इतक्या तासांत कातडी सोलवटून निघेल.

"लडाखला का, मॅडम?" दलालानं विचारलं.

"हिंगोलीला."

"हिंगोलीला काय आहे बघण्यासारखं?"

मी तोंड उघडलं तशी काकांनी मला दंडाला धरून दाल-पकवानच्या (मैद्याच्या कडक पुरीवर घट्ट डाळ) गाडीकडं नेलं. "आधी खा," ते म्हणाले. "उपाशीपोटी तू माणसं तोडतीस." खाल्लं. राग काही गेला नाही. थोड्याच अंतरावर महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. आमच्या पट्ट्यातली बोटं तुटलेली, मनगटं चिरडलेली अर्धीअधिक माणसं तिथंच येतात. बघण्यासारखं तिथं पुष्कळ आहे. बघायला कुणी येत नाही.

तिसरी गाडी पिंपळे गुरवला, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सात आसनी, एकाच घरात वापरलेली, आरशाला गणपती, सीटवर पांढरे टॉवेल. मालक कुठल्याशा कंपनीत अधिकारी. थंड बॉनेट, निरोगी इंजिन, मागची सीट पाडली की मी लांबलचक मावत होते. काकांनी मला डोळ्यानं खूण केली : हीच. साहेबांनी वर चहाला बोलावलं. वहिनींनी बिस्किटं ठेवली.

"फॅमिली ट्रिप वगैरे?" साहेब म्हणाले.

मी खरं सांगितलं. सगळं. कारखान्याच्या नावासकट.

कप खाली आला. "आमचं त्या लोकांशी रोजचं काम असतं हो," ते म्हणाले. "गाडी नावावर व्हायला वेळ लागतो. तोवर ती माझ्या नावानं कोर्टाबाहेर उभी राहणार. आणि वाटेत त्या गृहस्थांना काही झालं म्हणजे?"

"त्यांना व्हायचं ते होऊन गेलंय," मी म्हटलं.

"तुम्ही तरुण आहात. चिडणं सोपं असतं. मला वाईट वाटतं, खरंच."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वहिनींचे डोळे तर भरून आले होते. गाडी मात्र मिळाली नाही. जिना उतरताना काका म्हणाले, "ट्रिपला चाललोय म्हणली असतीस तर?"

"खोटं बोलायचं?"

"न्हाई गं. नुसतं गप बसायचं."

ते मला जमत नाही. त्याची किंमत दुसऱ्याच माणसाच्या पाठीला मोजावी लागते, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

चाकणला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. कंटेनरच्या रांगा, मध्ये घुसणाऱ्या दुचाक्या, कंपन्यांच्या बसगाड्यांतून काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं. तळेगाव रस्त्याला पत्र्याचं कुंपण घातलेल्या एका मोकळ्या जागेत जुन्या गाड्यांचा बाजार आहे. तिथं कोपऱ्यात ती उभी होती : पांढरी, लांब, कामगार ने-आण करणारी व्हॅन. दारावरचं नाव खरवडून काढलेलं. बॉनेट थंडगार. काकांनी किल्ली फिरवली आणि ती एका झटक्यात सुरू झाली.

"मीटर बंद आहे," बाजाराचा मालक म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पोरगी रोज कंपनीला पळाली आहे. पण रस्त्यात बसली नाही कधी."

क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. काका प्रसन्न. "ही खरं बोलती," ते म्हणाले, गाडीविषयी.

मधल्या सीटा आधीच काढलेल्या होत्या. चादर टाकून मी पडले. खड्ड्यात ती डुलली, आपटली नाही. गाडी आतून धुऊन लखलखीत केलेली, डॅशबोर्डला पॉलिश, खाली नवी रबरी चटई. फक्त छत तसंच होतं. छताला काळे, तेलकट डाग, एकावर एक, जिकडंतिकडं. आडवं पडलं तरच दिसत होते. मी उठल्यावर भाव पाडायला ते दाखवले. मालकानं पहिल्यांदाच मान वर केली. "आयला! वर कोण बघतंय ताई?"

कागदावर कुणा अनोळखी बाईचं नाव होतं. सौदा झाला.

कागद आमच्या नावावर झाल्यावर आम्ही हिंगोलीला निघालो. शिक्रापूर, अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना. जालन्यापर्यंत रस्त्याला दोन्ही बाजूंनी ढाबे, शोरूम, मंगल कार्यालयं. मंठ्याच्या पुढे कापूस, तूर आणि मोकळं आभाळ. जिंतूरच्या अलीकडे मागचा टायर फुटला. स्टेपनी काढली तर टकलासारखी गुळगुळीत. तीच चढवून जीव मुठीत धरून जिंतूर गाठलं.

उद्धवभाऊंच्या घरी मंगलवहिनींनी बेसन (पातळसर पिठलं) आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. आतल्या खोलीत भाऊ पलंगावर होते. हात अजून दणकट, चादरीखालचे पाय मात्र वाळलेले.

"लई त्रास घेतला ताई तुमी," वहिनी म्हणाल्या. "गाडी चांगली हाय ना? ह्याहिला धक्का सहन होत नाई."

"मी झोपून बघितलीय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी त्यांना गादीसकट उचलून आत ठेवलं. वहिनी पायांपाशी बसल्या. गाव मागं पडलं. भाऊंनी गादीची कड धरून ठेवली होती. मला वाटलं दुखतंय.

"ताई," ते म्हणाले, "ही गाडी कुठून घेतली?"

"चाकणहून. का?"

"ही बारा नंबर. आमचीच."

काकांनी गाडी बाजूला घेतली. भाऊ छताकडं बघत होते. "सीटा किती आन् मानसं किती! जे शेवटी चढंल त्यानं वाकून उभं राहायचं, वर हात टेकून. ब्रेक लागला की तोलायला तेवढंच. शिफ्ट सुटल्यावर हात कशाचे धुवायला मिळतात? तेच डाग हायत. माझेबी आसतील." त्यांनी हात वर केला. झोपलेल्या माणसाचा हात छतापर्यंत पोचत नाही. "रोज आदळाआदळ करत जायचो हिच्यात. पन कदी उशीर नाई केला हिनं."

मी उसळले. म्हणजे कागदावरची ती बाई कंत्राटदाराच्याच घरातली असणार, आमच्या वर्गणीचा पैसा फिरून त्याच्याच घरी गेला होता! परत करू, दुसरी बघू, पत्रक काढू, असं काहीबाही मी बोलत सुटले.

"आन् मला कशात नेता?" भाऊ शांतपणे म्हणाले. "चालू द्या. चांगली हाय."

पुण्यात न्यायालयाच्या आवारात झाडाखाली गाडी लावली. भाऊंनी नवा शर्ट घातला होता. वहिनींनी त्यांचे केस विंचरले. मी आत गेले. आत काय झालं? समोरच्या वकिलाला कागद वाचायला वेळ पाहिजे होता. त्याला तो मिळाला. बाहेर माणूस आणलाय, असं आमच्या वकीलबाईंनी सांगून पाहिलं. पुढच्या तारखेला, असं उत्तर आलं. खटल्याचं नाव पुकारून होईपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा.

बाहेर आले तर गाडीपाशी एक माणूस उभा. कंत्राटदाराचा सुपरवायझर, मघाशी आत दिसलेला. तो बॉनेटवर थाप मारत होता, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"अरे राव, ही तर आमची बारा नंबर!" तो काकांना सांगत होता. "तुमच्याकडं आली का? भारी गाडी, काका. ह्या दाराला जरा उचलूनच लावायला लागतं, बघा." त्यानं दाराला हात घातला, किंचित उचललं, सरकवलं. "हां. अजून तसंच आहे."

आतून आवाज आला, "नमस्कार, साहेब."

त्यानं वाकून बघितलं. "कोण?"

"उद्धव. भट्टीकडच्या लायनीला होतो. तुमी रात्रपाळीला चहा सांगायचे मला आणायला."

तो बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पत्रकं लिहिणाऱ्याला खोटं बोलणारा माणूस लागतो. मी त्याच्या डोळ्यांत तो शोधला. नजर चुकवणं नाही, घाम नाही, काही नाही. तो मनापासून आठवत होता आणि त्याला आठवत नव्हतं.

"नाही बा लक्षात," तो म्हणाला. "माणसं किती येतात, किती जातात. काळजी घ्या." आणि दार उचलून, नीट लावून, तो गेला.

"बघितलंत का?" मी वकीलबाईंना म्हटलं. "गाडी ओळखली त्यानं!"

"गाडी त्यांची होती हे कुणी नाकारलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "हे त्यांचे होते का, हा प्रश्न आहे."

परतीच्या वाटेवर अहिल्यानगर मागं पडल्यावर भाऊ म्हणाले, "दाराचं बराबर ध्यानात ऱ्हायलं त्याच्या." वहिनींनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

त्यांना घरी पोचवून आम्ही भोसरीला परतलो. प्रवासानं माणूस बदलतो असं लिहायची पद्धत आहे. मी बदलले नाही. तितकीच चिडलेली आहे. फक्त आता मला ठाऊक आहे की ज्याच्यावर चिडायचं तो खोटारडा असेलच असं नाही. आपण जुनी गाडी घेताना जेवढी चौकशी करतो, किती पळाली, कुठं आपटली, कुणाकडं होती, तेवढी चौकशी तिच्यात बसून गेलेल्या माणसांची या पट्ट्यात कुणी करत नाही. तर गाडी बघायला जाल तेव्हा काकांचे नियम पाळाच : बॉनेटवर हात ठेवा, क्लचचं रबर बघा. आणि मग आत पाठीवर पडा आणि वर बघा.

आल्यावर गाडी धुवायला नेली. धुणाऱ्यानं फडक्यावर साबण घेतला आणि विचारलं, "छत पण काढू का साफ करून?"

मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच. पुढच्या तारखंला उद्धवला परत यायचं हाय. वाटंत बघायला त्याला तेवढंच हाय."