गादीवरचं रिकामं फूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्या मैत्रिणींसमोर मी ताठ मानेनं जगाचे अन्याय मोजते, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते — पण मध्ये थांबवू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरुवात होईल का, मला ठाऊक नाही.

मी पत्रकांवर वाढले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं, तेव्हा बाबा घरोघर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. ‘जाब विचारा’ हे दोन शब्द मला ‘कमळ’च्या आधी लिहिता आले. आज वाटतं, जाब विचारायला शिकले. द्यायला कुठे शिकले?

अड्याळच्या अलीकडे आमचं पुनर्वसनाचं गाव आहे. तिथल्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी बायांचं सुईदोरा मंडळ भरतं. तेव्हा मी त्याची चिटणीस होते. अधूनमधून कुणी पाहुणी बोलावायची — कधी लाखनीची शिवणाच्या क्लासवाली, कधी नागपूरची कुणी कलाकार. ती आपलं काम दाखवते, आम्ही आमचं.

आमच्याकडे सुयांची एक गादी आहे. हातभर लांब, विटकरी कापडाची. तिच्यावर प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं एक फूल भरलंय. बैठक संपली की आपली सुई आपल्या फुलात टोचायची. कारण आम्ही दुपटी शिवतो. गावात बाळ जन्मलं की जुन्या मऊ लुगड्यांचे थर लावून, चारी बाजूंनी बसून, सगळ्या मिळून दुपटं शिवतो. शेवटी चिटणिसानं मोठ्यानं विचारायचं — गादी भरली का? एकही फूल रिकामं असेल, तर दुपट्याची घडी होत नाही. ते दोन्ही हातांनी चाचपून पाहायचं. हा नियम सुभद्राकाकूचा. मंडळ तिनंच सुरू केलेलं.

त्या शनिवारी नागपूरहून भरतकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. संगीताच्या लेकीचं दुपटं शिवून होत आलं होतं. पाहुणीची ओळख मला करून द्यायची होती, आणि माझं अर्धं लक्ष भाषणात होतं. शेजारची वच्छला हसली, “टाके घालून राहिली का भाषण पाठ करून राहिली वो? दुपट्यात घोषणा शिवशीन एखादी!” सगळ्या हसल्या. माझं नाव पुकारलं. मी सुई होती तशीच दुपट्यात खोचली आणि उठले.

काय बोलले, ते आजही शब्दन् शब्द आठवतं. बाईच्या श्रमाबद्दल बोलले. शिस्तीबद्दल बोलले. म्हणाले, आमच्या मंडळात आजवर एक सुई हरवलेली नाही.

टाळ्या झाल्या. पाहुणीची गाडी बाहेर उभी होती, फोटो राहिला होता. घडी आधी केली तर चालेल का, असं कुणीतरी विचारलं. चालेल, म्हणाले. मीच म्हणाले. पाहुणीनं ते दुपटं संगीताच्या ओटीत ठेवलं. मी जागेवर आले, आणि माझं फूल रिकामं होतं.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, अगदी स्पष्ट. तेव्हा विसरले, गोंधळले — असं काहीही नव्हतं.

काकू चहा वाटत होती. तिची सुई तिच्या फुलात होती, वर्षानुवर्षं घासून बारीक झालेली. मी ती उपटली आणि माझ्या फुलात लावली. मग चिटणीस म्हणून मोठ्यानं विचारलं, “गादी भरली का?” आणि मीच म्हणाले, “काकू, तुमची सुई?”

काकूनं कप खाली ठेवले. “मी तं लावली होती वो माय. आत्ताच लावली होती.”

“चायच्या घाईत खोचली असन कुठी,” वच्छला म्हणाली. “डोये गेले आता तुये, बुढे.”

काकू गुडघ्यांवर बसली आणि तळव्यांनी सतरंजी चाचपू लागली. मग मान वर करून म्हणाली, “दुपटं खोला. पयले दुपटं खोला.”

इथपर्यंत मी भित्री होते. यापुढे जे केलं, त्याला काय म्हणायचं? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले — काकू, पाहुण्यांसमोर तमाशा नको. ती गप्प बसली. माझ्यावर विश्वास होता म्हणून बसली. संगीता दुपटं छातीशी धरून घरी गेली. दारातून तिला जाताना मी पाहिलं. एक हाक मारायची होती. एकच.

पोर रडू लागली. दृष्ट काढली, अंगारा लावला. माझ्या घरापर्यंत तो आवाज यायचा, आणि मी खिडकी लावून घ्यायचे. पुढे दुपटं धुताना थरांमधून सुई निघाली — नेढ्याकडची अर्धी, गंजलेली. सगळ्या म्हणाल्या, काकूची जुनी सुई शिवतानाच मोडली असेल. संगीतानं ते दुपटं काकूच्या दारात नेऊन फेकलं. “माह्या पोरीच्या जिवावर उठली का वो तू?” एवढंच म्हणाली.  त्या दिवसापासून काकूनं सुई हातात धरली नाही.

पण ती सुई माझी होती. नवी, त्याच दुपारी पाकिटातून काढलेली, अख्खी. मी खोचली तेव्हा तिला टोक होतं. म्हणजे ते टोक कुठे होतं, हे साऱ्या गावात फक्त मला कळू शकत होतं.

मी गप्प राहिले. पोरीची मांडी सुजली, ताप चढला, गावच्या डॉक्टरांनी गळू समजून औषधं दिली. मी गप्प राहिले. शेवटी नागपूरला एक्स-रे काढला, तेव्हा टोक दिसलं. तोवर ते खोल गेलं होतं. ऑपरेशन झालं. पोर वाचली. तिचा डावा पाय ओढतो.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. त्या डॉक्टरच्या हलगर्जीपणावर. ‘एका गरीब आईला जाब कोण देणार?’ असा मथळा दिला. ते गावोगाव वाटलं गेलं. त्यावरूनच मला लिहिणारी म्हणून ओळखू लागले, सभांना बोलावू लागले. संगीतानं ते पत्रक देव्हाऱ्यामागे जपून ठेवलंय. माझ्यासाठी कुणीतरी बोललं, असं ती म्हणते.

काकूची सुई माझ्याकडेच राहिली. मी तिनंच शिवत गेले. काकूच्या बोटांना ती लगेच ओळखू आली असती, म्हणून ती मी कधी गादीवर फार वेळ ठेवली नाही. काकूचं फूल अजून रिकामं आहे; गादी मोजताना ते सोडून देतात. तिथला रंग शेजारच्या फुलांपेक्षा गडद आहे, कारण त्याला आता कुणाचा हात लागत नाही.

येत्या शनिवारी मंडळानं पाहुणी बोलावली आहे. ती पाहुणी मी आहे. वच्छलानं निरोप दिला — “आपली पोरगी मोठी झाली, तं आपल्याच मंडळात बोलाले पाह्यजे!” संगीता लेकीला घेऊन येणार आहे. काकूलाही आणणार आहेत, हाताला धरून.

भाषण लिहिलं नाही. तुम्हाला हे जे लिहिलंय, तेच कागद वाचीन. वाचण्याआधी सुई काकूच्या हातात देईन. तिला बोटांनी कळेल. मग मी वाचायला लागेन, आणि पोर कुठेतरी सतरंजीवरून पाय ओढत चालत असेल.