धक्क्यावरचा सज्जा

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी डिचोलीहून रोज बसने आणि पुढे फेरीबोटीने पणजीला, धक्क्यासमोरच्या एका व्यापारी कचेरीत जायचो. इमारत पोर्तुगीज काळातली. खाली गोदामं, वर कचेरी आणि नदीकडे लांब लाकडी सज्जा. पूर्वीचे व्यापारी तिथूनच आपली गलबतं येताना पाहत.

सज्जा दुरुस्तीला काढला, तेव्हा बेळगावकडची एक बाई खाली चुन्याची घमेली वाहायची. घमेलं डोक्यावर घेण्याआधी ती दर वेळी वर पाहायची. काम संपलं त्या दुपारी तिने मला विचारलं, "सायेब, वर येऊन बघू का?"

मी हो म्हटलं. नळावर पाय धुऊन ती वर आली आणि कठड्याला धरून मांडवी नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जी बघत राहिली. मग वाकून तिने नवऱ्याला हाक मारली, "अवो, समदी वर या की."

गवंडी, बाया, सगळेच वर आले. आमचे हेडक्लार्क घाबरले. "अगो, सज्जो मोडून पडटलो."

"कसा पडंल? आमीच बांधलाय न्हवं," ती म्हणाली.

हेडक्लार्कना हसू आलं. तेही बाहेर येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. त्या दुपारी कचेरीत कुणीच काम केलं नाही.