न चाललेल्याची वही

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या टेबलावर एक वही असायची. दुरुस्त झालेल्या मशीनचा तिच्यात उल्लेख नसे. जे करून पाहिलं आणि चाललं नाही, तेवढंच पेन्सिलीनं लिहिलेलं. "जो चला वो याद रहता," चाचा म्हणायचे, "नै चला वो आदमी भूल जाता. भूलनाच चाहता ना!"

काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर एकच, "मालूम नै." मग चष्मा कपाळावरून नाकावर ओढायचा आणि म्हणायचं, "देखते." एकदा एक गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "मालूम नाही तर पाटी कशाला लावली?" चाचा म्हणाले, "पाटीवर दुरुस्ती लिहिलंय साहेब, ज्योतिष नाय."

'मालूम नै' हे दोन शब्द उच्चारायची हिंमत माझ्यात नव्हती. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. जेऊरहून आले आणि सोलापुरात मावशीकडे राहिले. मावशी घरीच कंप्युटरला जोडलेल्या भरतकामाच्या मशीनवर शाळांचे बॅज करते. तिचा जुना कंप्युटर जळाला. मशीनचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपी या जुन्या विंडोजवर चालायचं, आणि त्याच्या जागी आणलेला नवा कंप्युटर एक्सपी घ्यायलाच तयार नव्हता. "आमची पोरगी कंप्युटरचंच शिकती की," मावशी शेजारणीला म्हणाली, "दुकानात कशाला न्यायचा?" मी मान हलवली. खरं तर तोवर मी एकदाही कुठली विंडोज टाकलेली नव्हती.

सीडी घातली की निळा पडदा यायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "झालं का गं?" मी म्हणायचे, "होतंय." तीन दिवस हेच. सोमवारी बॅज द्यायचे होते. मावशीची सगळी नक्षी जुन्या कंप्युटरच्या डिस्कवर होती. ती डिस्क मी नव्याला जोडली, आणि नवी डिस्क कोरी करायला एका व्हिडिओत सांगितलं तसं 'डिलीट' दाबलं. दाबल्यावर कळलं की डिस्क चुकली. अकरा वर्षांची नक्षी गेली. मी झाकण लावलं, कॉलेजात नेते असं मावशीला सांगितलं आणि कंप्युटरचा डबा रिक्षातून चाचांकडे नेला.

चाचांनी वही उघडली. "घर पे क्या क्या किया? सब बोल, लिखता हूँ."

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि कामाला लागले. निळ्या पडद्याचं कारण त्यांना वहीतच सापडलं. नवा कंप्युटर डिस्कशी ज्या पद्धतीनं बोलतो, ती एक्सपीला समजत नाही. "बुजुर्ग है, उसकी भाषा में बोलना पडता," असं म्हणत त्यांनी एक सेटिंग जुन्या पद्धतीची केली. निळा पडदा आलाच नाही. डिस्कची यादी दिसली. मला सुटल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात चाचा म्हणाले, "ये छोटीवाली खाली दिखती. इसी पे डालते."

त्यांचं बोट एंटरवर होतं.

"चाचा, थांबा. ती रिकामी नाही. मी रिकामी केली."

चटका बसल्यासारखा त्यांनी हात उचलला आणि आधी त्या डिस्कची वायर काढली. "उसके बाद कुछ डाला इसमें?"

"नाही."

"मग मिळेल का? मालूम नै. देखते. तू घर जा के बोल. तुझ्या मावशीला मी नाही सांगणार."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. हातातला दोरा तिनं तसाच धरून ठेवला होता. "नक्षीचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तीन दिस 'होतंय, होतंय' कुणाला म्हणत हुतीस?"

बॅज सोमवारऐवजी बुधवारी गेले. नक्षी बरीचशी परत मिळाली. ब्लाउजच्या बाहीवरचा तिचा आवडता मोर मात्र कायमचा गेला. कंप्युटर परत देताना चाचांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिख. तेरे हाथ से."

मी लिहिलं, 'कोणती डिस्क आहे हे न बघता डिलीट दाबलं.' थांबले, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'विचारल्यावर काही केलं नाही असं म्हणाले.'

चाचांनी वाचलं. "दूसरी लाइन ज्यादा काम की है," ते म्हणाले.

गेल्या वर्षी चाचा वारले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. वहीचं काय झालं, विचारलं तर तिथल्या माणसाला ठाऊक नव्हतं. रद्दीत गेली असेल.

आता कॉलेजच्या लॅबमध्ये एखादं मशीन अडलं की पहिल्या वर्षाची मुलं मला बोलावतात. सगळ्यांचं तोंड उतरलेलं असतं आणि सगळे एकच सांगतात, "ताई, आम्ही काहीच केलं नाही." "मला माहीत नाही," मी म्हणते, "बघूया." मग माझी स्वतःची तसलीच वही उघडते, पेन्सिल हातात घेते आणि त्यांच्या दुसऱ्या ओळीची वाट बघत बसते.