भाऊंचं राहिलेलं जेवण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — भाऊंना जाऊन एक पावसाळा उलटला, आणि जो तो येऊन मला त्यांच्या आठवणी विचारतो. मी रंगवून सांगतो. एक मात्र गिळतो.

सोमाभाऊ आमचे आमदार. अपक्ष. कधी निवडून यायचे, कधी सपाटून पडायचे. चेहरा दोन्ही वेळा सारखाच. मी त्यांची स्कूटर चालवायचो, निरोप पोचवायचो. काय दिवस होते ते! कुडव्याहून निघायचं, धानाच्या बांध्यांमधून तिरोड्याकडे जायचं, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसून मुरमुरे-फुटाणे खायचे. तिथेच दरबार. कुणी हार आणला की भाऊ तो त्याच्याच गळ्यात घालत — "तूच मिरव गा." अधिकारी वैतागायचे, आम्हाला मजा यायची.

आणि त्यांची ती रीत. निकाल लागला की मिरवणूक नाही. ज्या गावानं सगळ्यात कमी मतं दिली, तिथे पहिलं जेवण. आधी निरोप जायचा. गाव शिव्या तयार ठेवायचं, आणि भाऊ पंगतीत बसून त्या शिव्या लाखोळीच्या वरणासोबत पचवायचे. नाही म्हणणाऱ्याच्या घरीच खरं कळतं, म्हणायचे. त्यांचं सगळं राजकारण त्या पंगतीवर उभं होतं.

मग शेवटची निवडणूक आली. भाऊ जिंकले, पण माझ्या सासुरवाडीनं त्यांना पार झिडकारलं. का? — आमच्यात ते फक्त मला ठाऊक होतं.

आदल्या साली पावसानं दगा दिला होता. तिथल्या तलावाचं पाणी आधी अगदी खालच्या बांध्यांना द्यायचं, असा भाऊंनी शब्द दिला होता. निरोप घेऊन मीच गेलो. आणि भाऊंच्या नावानं सांगितलं — आधी माझ्या सासऱ्यांच्या बांध्या. जावयाचा रुबाब, दुसरं काय! खालचा धान वाळला. भाऊ आपल्याच माणसाची सोय पाहतात, असं गाव म्हणू लागलं.

आता पंगतीत हे निघणारच होतं. जेवायला येतो, हे सांगायलाही मीच गेलो. गाव म्हणालं, या, आम्हाला बोलायचंच आहे. आणि परत येऊन मी भाऊंना काय सांगितलं? — ते म्हणतात, येऊ नका.

"काऊन गा?" भाऊ एवढंच म्हणाले. मी स्कूटर पुसत बसलो.

तिकडे गावानं स्वयंपाक केला होता. दुपार कलेपर्यंत माणसं उपाशी वाट पाहत राहिली. आमदाराला आमचा भात कडू झाला, म्हणाली. मेहुण्यानं नंतर सांगितलं.

भाऊ पुन्हा उभे राहिले नाहीत. लोकांना वाटलं, थकले. थकले नव्हते हो! ज्या दारात जाऊन चूक विचारायची ते दारच बंद झालं, असं त्यांना वाटलं. आणि ते मी बंद केलं होतं.

शेवटच्या आजारात मी त्यांचे पाय चेपत होतो. मध्येच म्हणाले, "त्या गावात माह्यं काय चुकलं असन गा?"

तेव्हा तरी बोलायचं ना? तोंड उघडलंही मी. म्हणालो — "काही नाही भाऊ. ते गावच हरामखोर."

"असं नको म्हनू," भाऊ म्हणाले. "माह्यंच काही चुकलं असन."

मी पाय चेपत राहिलो.